अंगठा आधी सुटला पाहिजे

त्या सकाळी दूध गॅसवर होतं, भांडी विसळून पालथी घातली होती, आणि मी ओट्यावर पिना पाडायच्या बोलिंगचा जड बॉल ठेवून त्याच्या अंगठ्याच्या भोकातली टेप चिमट्याने सोलत होते. भोक सैल वाटलं की हे आत टेप लावायचे, घट्ट वाटलं की काढायचे. त्या दिवशी शेवटची पट्टीही काढली, तरी ह्यांचा अंगठा आत जाईना. "रात्रीतून फुगला वाटतं," हे म्हणाले. मी म्हटलं, "अंगठा आहे का फुगा?"

माफ करा, सुरुवात इथून करायची नव्हती. आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपल्या क्लबचे कोच, आणि समोर बसलेल्या सगळ्या खेळाडू मंडळींनो, नमस्कार.

मला सांगितलंय, वहिनी, दोन शब्द चांगले बोला. बोलते. सरांनी शिकवलं मन लावून. आमचे हे टॉवेल वाळत घालतानासुद्धा हात झुलवून म्हणायचे, "अंगठा आधी सुटला पाहिजे, बोटं मागाहून." तुमच्यापैकी कोणाला हे वाक्य पाठ नाही?

मग ह्यांचा अंगठा सुटेना. बॉल उशिरा सुटून लेनवर धप्पकन आपटायचा. सर म्हणाले, "पकड आवळताय. मनात भीती आहे." ह्यांनी पकड सैल केली, मनगट सरळ धरलं. तरी तेच. मग सर म्हणाले, ड्रिलवाल्या काकांकडून भोक मोठं करून घ्या. घेतलं. काही दिवसांनी पुन्हा घेतलं.

तेव्हा मी इथेच, खेळाचे बूट देतात त्या काउंटरपाशी, सरांना विचारलं, "सर, ह्यांच्या बोटातली अंगठीसुद्धा कापून काढावी लागली. डॉक्टरांकडे नेऊ का?"

सर म्हणाले, "स्पर्धा होऊ द्या, वहिनी. आत्ता औषधं सुरू केलीत तर जमलेला हात बिघडेल. आणि नवऱ्याची अंगठी घट्ट झाली, म्हणजे तुमच्या हाताला चव आहे."

सगळे हसले. हेही हसले.

स्पर्धा आपण जिंकलो. चषक त्या काचेच्या कपाटात आहे. मग ह्यांना नेलं, तेव्हा डॉक्टरांनी ह्यांच्या पायावर बोट दाबलं, तर पडलेला खळगा भरेना. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. काय सांगणार? भोक मोठं करत होतो?

नंतर मी वाचनालयातून ह्या आजारावरचं पुस्तक आणलं. सूज पहिल्याच प्रकरणात होती. वेळेवर नेलं असतं तर हे वाचले असते का, ते मात्र पुस्तकात नाही. सरांनाही ते ठाऊक नसणार. पण सर, दवाखान्यात भेटायला आलात तेव्हा तुम्ही ह्यांच्या खेळाबद्दल बोललात. त्या हाताकडे एकदा तरी बघायचं होतंत.

ह्यांचा बॉल आज आठवण म्हणून सरांना द्यावा, अशी क्लबची इच्छा होती. तो मी आणलेला नाही. सर, तुमच्या अंगठ्याला तो बसणारही नाही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बॉलचं काय झालं, तेवढं सांगून खाली बसते. ह्यांना पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन ड्रिलवाल्या काकांकडे गेले, ते भोक बुजवून घेतलं आणि माझ्या अंगठ्याच्या मापाचं नवं पाडून घेतलं.