धोंडूच्या वाचनाचा दाखला

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, इथे टीव्ही चालू आहे… माणिक, आवाज कमी कर गं बाळ. अख्खी चाळ बसलीय तुमच्याकडे, जरा दोन मिनिटं… हं, बोला… हो, शाळेतल्या अंजनाबाईच… कोण जयवंत?… अरे, आपला जयवंत! थांब, बसते आधी…

हो, बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं झकास. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण पोरं येतात रे घरी अजून, दहा-बारा… फी कसली? उलट माझ्याच डब्यातल्या लिमलेटच्या गोळ्या संपवून जातात… तू कसा? वर्क्स मॅनेजर ना आता?… जनरल मॅनेजर? पुढच्या महिन्यात?… अरे वा… नाही रे, आनंदच आहे. आवाज असा येतोय कारण… धोंडू गेल्याचं कळलं मला. कालच सुंदराला भेटून आले… हो, त्याची बायको. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात ते… तुझ्याच कारखान्यात झालं. तेही कळलं.

हं… हं… कंत्राटदाराचा माणूस होता… टाकी साफ करायला उतरला… आणि बाहेर पाटी होती. मराठीत?… 'आत विषारी वायू, उतरू नये.' स्पष्टच आहे की… मग?

उद्या चौकशी. बरं. दहा वाजता. मग मी काय करू त्यात?… कुठला दाखला?… चौथी पासचा. हो, दिला होता. वर्ग माझाच होता… 'वाचन उत्तम.' हो, अक्षर माझंच… तुझ्याकडे कसा आला?… सुंदराने पेटीतून काढून दिला, तुमच्या माणसाला?… तिला वाटलं असेल, नवऱ्याचं काही चांगलं विचारायला आलेत.

आणि आता माझं पत्र हवंय. की धोंडू माझा विद्यार्थी, त्याला चांगलं वाचता येत होतं… म्हणजे पाटी वाचूनच उतरला. म्हणजे चूक त्याची. म्हणजे भरपाई नाही, सुंदराने रिकाम्या हाताने घरी जायचं… अरे, मी ओरडत नाहीये. मी कधी ओरडलेय तुझ्यावर?

जयवंत, ऐक… अरे ऐक ना… धोंडूला वाचता येत नव्हतं… नाही, तुला माहीत आहे. तुझाच जोडीदार होता तो. सातवीच्या प्रत्येकाला मी चौथीतलं एक पोर वाटून द्यायचे. ते वाचायला लागलं, तरच तुमच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही… हो, बारा वर्षांचा होतास. मान्य. त्याला अक्षरं जुळेनात, आणि तपासणी आली तोंडावर. म्हणून तू त्याच्याकडून एकच पान पाठ करून घेतलंस. यमूच्या धड्याचं.

मला कसं कळलं? अरे, मी तिथेच उभी होते. तपासणीच्या साहेबांसमोर खडाखडा वाचत होता, बोट ओळीवरून फिरवत. वाऱ्याने पान उलटलं… आणि तो थांबलाच नाही. डोळ्यांसमोर दुसराच धडा, आणि तोंडात तेच, 'उजाडले. यमूने दार उघडले. अंगणात पाणी शिंपडले.' साहेब चहा पीत होते. मी पुढे झाले आणि पान हळूच परत उलटवलं… हो. मीच… त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. तुझ्या पाठीवर थाप मारली ना मी, ती सगळं बघून मारली होती.

चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून कुठलंही पोर आलं की पुस्तक मधूनच कुठूनतरी उघडून देते. धोंडूची पोरगी शकू येते ना, तिलाही…

काय?… परत सांग… वॉचमन म्हणाला… धोंडू पाटीसमोर उभा राहिला, ओठ हलवले… म्हणून तुम्ही म्हणता त्याने वाचली… आणि?… काय पुटपुटत होता?…

…

यमू?…

…

वॉचमनला वाटलं, मुलीचं नाव घेतोय… हे तू कुणाला सांगितलंस?… कुणालाच नाही… किती दिवस झोपला नाहीस?… केबिनमध्येही ऐकू येतं? मशीन चालू असताना?… हं. मलाही यायचं रे. पण मला लहान पोराच्या आवाजात यायचं. तुला?… मोठ्या माणसाच्या. हं.

नाही गं माणिक, काही नाही झालं. पाणी नको. तुम्ही बघा टीव्ही.

हो, बोल… हो, तुझं नाव आहे शाळेच्या फळ्यावर. मीच लिहवून घेतलं… हो, हो, मीच सांगायचे प्रत्येक वर्गाला, जयवंतसारखे व्हा. मोठी नोकरी, ब्लॉक, गाडी. मोठं होणं म्हणजे एवढंच सांगितलं मी तुम्हाला. बाकीचं पुढच्या वर्षी सांगू म्हणायचे, आणि परीक्षा यायच्या.

पत्र देते ना. पण जे झालं ते लिहिते… लागू दे चौकशी माझ्या मागे. खोटा दाखला दिला म्हणून पेन्शन थांबवतील, थांबवू देत… नाही, तुझं नाव नाही घालणार मी. ते घालायचं की नाही, तू बघ.

पण त्याच्याआधी एक काम आहे… सुंदराला माहीत नाही… अरे, खरंच माहीत नाही. रोज संध्याकाळी तो तिला पेपर वाचून दाखवायचा… हो रे, पेपर. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून जुना मागून आणायचा. काल मला सांगत होती, बाई, काय छान छान बातम्या असायच्या. संपातल्या सगळ्या गिरणीवाल्यांना कामावर परत घेतलं. नाहूरला मुलींची नवी शाळा निघाली, वह्या-पुस्तकं फुकट. एका म्हातारीची हरवलेली शेळी तीन दिवसांनी आपणहून घरी आली… जयवंत, असल्या बातम्या कुठल्या पेपरात येतात रे?… हो. सगळ्या त्याच्या… ती सांगत होती, आणि मी समोर बसून मान हलवत होते.

आता उद्या तुम्ही तिच्यासमोर म्हणणार, वाचता येत होतं तरी उतरला. मी म्हणणार, वाचताच येत नव्हतं. काहीही म्हटलं तरी तिच्या मनातला धोंडू जाणारच. म्हणून आज सांगायला हवं तिला. घरात. चारचौघांत नको… सांगेन की मीही. पण मी एकटीने सांगितलं तर ती म्हणेल, नवऱ्याने मला फसवलं. तू येऊन सांगितलंस, की हे मी त्याला शिकवलं आणि बाईंनी झाकलं, तर ती लबाडी आपली होते. त्याची राहत नाही.

काय बोलायचं? मला नाही माहीत. पाठ करून मात्र येऊ नकोस… आणि गाडी आणू नको, रिक्षाने ये.

हं?… मग तुझं काय उरलं? मला विचारतोस?… मी सांगू शकत नाही रे. जनरल मॅनेजर होशील की आहे तेही जाईल, मला काय कळणार. एक सांगते. रिटायर होताना मला शाल दिली, श्रीफळ दिलं. हॉलभर टाळ्या वाजत होत्या, आणि मला दिसत होता धोंडू, साहेबांसमोर उभा, बोट चुकीच्या ओळीवर. त्या दिवसाचं बाकी मला काही आठवत नाही. भाषणं कुणी केली, तेही नाही… तुला तसं हवंय का?

मग येतोस?… 'बघतो' नको. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. दोन्ही चालेल मला… जयवंत?… अरे… रडतोस काय रे… रड. मी आहे फोनवर…

…

कोण बोलतंय मागे?… मिसेस?… बरं, सांग तिला काहीतरी… थांबते मी… हॅलो?… हॅलो, जयवंत?… हॅलो?…

ठेवला.

माणिक, हा घे गं फोन… नाही, येतो असं काही म्हणाला नाही… मी सुंदराकडे जाऊन बसते. त्याची तासभर वाट बघेन. मग मीच सांगेन.