सून होल्डवर

न्हाई न्हाई रुपाली, तू हितं ओट्यावरच बस, मागं जाऊ नकोस — सरकारी दवाखान्याची आशाताई आसलीस म्हणून काय झालं, आज रातच्याला आमच्यात खंडोबाचं जागरण हाय, घर धुऊन-पुसून बसलोय आमी. तू सुनंला शिवशील, मग च्या घ्यायला आत येशील, मग राह्यलं काय? दीपमाला बाजूला हाय, पाळीची. मागं, कांदं साठवायच्या बराकीत. — व्हय, म्हाईत हाय मला सून गरवार हाय ती, तूच ती तपासायची पट्टी आणून दिलीस की, दोन रेघा आल्या, म्या आळीत पेढे वाटले. पन् रेघा आल्या आन् मागनं डाग बी आले. आता माणसानं काय धरायचं सांग? पट्टी म्हणती सून गरवार, कापड म्हणतंय सून बाजूला.

तुला बोलवणार व्हते गं. पन् तू काय सांगणार ते ठरल्यालं — दवाखाना. आन् दवाखान्यात न्यायचं म्हंजे कोणतरी तिला शिवणार, गाडीत बसवणार, आन् तोच माणूस माघारी घरात येणार. म्हणलं, जागरण उरकू दे. घरात ह्याच्यावरनं लई वाद झाला. आमचं मालक म्हणाले, दिवस गेलेल्या बाईला बाहेर बसवत न्हाईत. आमच्या भाडेकरू सुमनताई, लातूरकडच्या, त्या म्हणाल्या, डाग म्हंजे डाग, देवाला काय पट्टी दाखवणार हाव का? शेवटी तोड काढली आमच्या रविराजनं. कंपनीत क्वालिटीला हाय ना तो — म्हणला, आई, जो पार्ट पास बी न्हाई आन् रिजेक्ट बी न्हाई, त्याला आमी पिवळा टॅग लावतो, होल्डवर ठेवतो. साहेब ठरवीपातूर कुणी हात लावायचा न्हाई. आन् खरंच टॅग आणला गं पोरानं, बायकोच्या खाटंला बांधला, आन् गेला फस्ट शिफ्टला. हसू नकोस. — हसत न्हाईस? बरं.

तिचं कायबी कमी केलं न्हाई म्या, कुणालाबी इचार. गरवार हाय म्हणून चिंच, आवळा, साजूक तुपातला शिरा — आन् बाजूला हाय म्हणून समदं लांबनं. चिंच म्या दारातनं फेकते, झेल म्हणते, ती झेलती बी. शिरा काय फेकता येत न्हाई, मग फावड्यावर ताटली ठेवून आत सरकवते. सासवा सुनांना चटके देत्यात, म्या शिरा देते, फावड्यानं का हुईना. पन् आज न्हाई झेलली तिनं चिंच. अंगावर पडली, तिनं उचलली बी न्हाई.

दुखतंय म्हणत व्हती. कुठं म्हंजे, खाली ओटीपोटात, एका अंगाला. बाईच्या जातीला ते काय नवं हाय का? मग म्हणाली, खांदा बी दुखतोय — आता पोटाचं आन् खांद्याचं काय नातं? म्हणलं, पोतं उचललं आसशील. — चक्कर? व्हय, ती आली व्हती सकाळी, हापशापाशी पडली. म्हंजे आधी बसली, मग आडवी झाली. — कोण उचलणार रुपाली? समद्यांच्या आंघोळी झालेल्या. आमी आपलं भवतीनं उभं राह्यलो, ऊठ गं, ऊठ गं म्हणत. सुमनताईंनी काठीनं जरा हलवलं — हळूच. म्या गोमूत्र शिंपडलं. मग तिची तीच उठली, भिताड धरत धरत बराकीत गेली. जाताना माझ्याकडं बघितलं तिनं. तू नको तसं बघूस. चांगली हाय गं पोर, मला आई म्हणती, मला काय वाईट वाटत न्हाई व्हय?

रुपाली — अगं, कुठं निघालीस — शिवलीस? झालं. — काय? मोठ्यांदा बोल, मी बराकीच्या दारातच हाय. पोटात गर्भ आसताना जातं ते रक्त म्हंजे पाळी न्हवं? मग काय हाय ते? — गर्भ पिशवीत न बसता नळीत बसला आसंल? नळीत कुठं जागा आसती — आन् नळी फुटली तर रक्त आतल्या आत, पोटातच? म्हणून खांदा? — दवाखान्यात गेल्याबिगर नक्की कळायचं न्हाई म्हणतीस, तर मग फोन लाव की एकशेआठच्या गाडीला. — गाडी चाकणच्या चौकात अडकली म्हणत्यात? मग ती येतीय व्हय आज. — मी? मी कशी धरू, मला रातच्या निवदाचं पुरण शिजवायचंय, तू सुमनताईंना — हात गार पडलेत? किती गार?

सर तिकडं. तू पाय धर, डोक्याकडनं मी घेते. दीपमाले, ए बाळा, आईच्या गळ्यात हात टाक. टाक की. डोळं उघड, मी हाय, मी शिवलेय तुला, भिऊ नकोस. — आन् फाटकात कोण ते? वाघ्या-मुरळी? आत्ताच आले? — बाबांनो, घरात येऊ नका, आज जागरण न्हाई. — देवाला काय सांगायचं ते मी सांगीन, तुमी नका सांगू. ती दिमडी-तुणतुणी खाली घ्या, आन् तुमचा टेम्पो हिकडं मागं लावा. — कशापायी काय, सून न्यायचीय माझी. उतरा म्हणते ना.