शेजारचा खणखणीत फोन

...आणि पुन्हा बंद! "हॅलो, अगं, चिनू काय म्ह..." एवढं ऐकू आलं की कुर्र कुर्र, आणि मग सामसूम. तुम्हाला सांगते, ह्यांची बदली पिंपळनेरला, मी जळगावात दहा महिन्यांच्या चिनूला घेऊन, हे भर दुपारी जेवणाच्या सुटीत एसटीडी बूथवर रांगेत उभे राहून नंबर फिरवणार आणि आमचा फोन अर्ध्या मिनिटात मान टाकणार... आणि भिंतीपलीकडे सुनंदाबाईंचा फोन? खणखणीत.

बरं, मी काही केलंच नाही असं नाही. वायर काढून घातली, रिसीव्हर पदराने पुसला, फोन आपटूनही पाहिला, हळूच. बी.एस्सी. आहे मी, फिजिक्स, सेकंड क्लास. चारदा तक्रार नोंदवली. लाइनमन धनसिंगभाऊ संध्याकाळी सायकलवर येणार, रिसीव्हर कानाला लावून ऑफिसातल्या कुणाशी तरी निवांत गप्पा मारणार आणि म्हणणार, "ताई, लाइन बठ्ठी बरोबर शे." म्हणजे लाइन ठणठणीत आणि वेडी मीच? मला तर वाटायला लागलं, हेच मध्येच ठेवून देत नसतील ना?

शेवटी ह्यांनी शेजारीच फोन लावायला सुरुवात केली. सुनंदाबाई हाक मारायच्या, मी चप्पल शोधून, चिनूला काखेत मारून पोचेपर्यंत त्यांचं ह्यांच्याशी निम्मं बोलून झालेलं. ह्यांना सर्दी झालीय हे मला कुणी सांगितलं? सुनंदाबाईंनी. तीन महिने चिनूकडून 'बाबा' घोकून घेतेय मी, पहिला शब्द ह्यांना आपल्या फोनवर ऐकवायचा म्हणून. कार्टी घरी ओठ मिटून. आणि गेल्या आठवड्यात सुनंदाबाईंच्या मांडीवर बसून, त्यांच्या लाल रिसीव्हरमध्ये म्हणाली, "बाबा." कशी? खणखणीत. हे तिकडे गहिवरले. मी इकडे हसले... कशी हसले ते माझं मला ठाऊक.

मग मी हट्टालाच पेटले. पहिल्यांदा नाही तर नाही, दुसऱ्यांदा तरी आमच्या फोनवर! धनसिंगभाऊंना म्हटलं, या एकदा भर दुपारी. आले. गच्चीवर चढले. मग वरून, "ताई, हाई काय शे?"

खांबावरून आलेली आमच्या फोनची तार, गच्चीवर तिचा जोड, आणि तारेवर चिनूचे अकरा ओले लंगोट. ओझ्याने जोड ढिला पडायचा, वाऱ्याने हलला की सुटायचा, संध्याकाळी लंगोट वाळून काढले की पुन्हा टेकायचा. वजन, ताण... फिजिक्स! आता तुम्ही म्हणाल, तारेवर का? तर माझी दोरी तुटलेली. दोन्ही घरांची गच्ची एकच, अर्ध्या गच्चीत खाटांवर सुनंदाबाईंच्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडच, वाळत घातलेल्या, उरलेल्यात त्यांची दोरी. म्हणाल्याही होत्या, "माह्या दोरीवर टाका ना, ताई." पण मी कशाला टाकू त्यांच्या दोरीवर?

जोड नवा बसला. काल दुपारी फोन वाजला. आवाज कसा? खणखणीत. हे म्हणाले, "अरे वा, अगदी सुनंदावहिनींच्या फोनसारखा!"

गिळलं मी. चिनूच्या कानाला रिसीव्हर लावला. म्हण, बाबा... म्हण ना गं... ती रिसीव्हरकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि बोट दाखवते भिंतीकडे. पाच मिनिटं मीच आपली नवऱ्याला 'बाबा, बाबा' करतेय आणि तिकडे बूथवर रांग खोळंबलेली.

शेवटी म्हटलं, "ठेवा. तिकडेच लावा. येतोच आम्ही."