केसांचं तेल आणि अडकलेलं रिव्हॉल्व्हर

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार डोकावता! आता तुम्हीच सांगा, शेजारच्या भाऊजींचं भरलेलं रिव्हॉल्व्हर अडकून बसलंय, त्यांच्या-आमच्यात एका विटेची भिंत, मग माणसाने डोकवायचं नाही तर काय स्वेटर विणत बसायचं?

भाऊजी म्हणजे निवृत्त पहारेकरी हो. जन्मभर तिजोरीच्या दाराशी उभे राहिले, गोळी म्हणून कधी झाडली नाही. पण त्या रिव्हॉल्व्हरवर जीव! आणि लेकीने बजावलं, "बाबा, ते घरात आहे तोवर मी बाळाला घेऊन उंबरा ओलांडणार नाही." नातीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही माणसाने... विरघळलेच. म्हणाले, रिकामं करतो नि चौकीत जमा करतो. लेक तिकडून निघाली, आणि इकडे हे बसले रिकामं करायला, तर गोळ्या भरायची ती गोल चक्री फिरेना की बाहेर येईना. काडतुसं आतच!

मग काय, जिना भरला. आमचे हे हातोडी घेऊन हजर, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नाही. खालचा शिंपी म्हणतो, "रॉकेल सोडा, सुटेल." मी म्हटलं, जरा आपटून बघा, आमचा रेडिओ तसाच चालू होतो. तुम्हाला सांगते, भाऊजींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कुणी पुढे यायचं नाही. ठोकायचं नाही, ओढायचं नाही, चापाजवळ बोट न्यायचं नाही." डागडुजीला आणलेलं वाळूचं पोतं होतं पलीकडच्या भिंतीशी. नळीचं तोंड त्या वाळूकडे करून ते अलगद ठेवलं, खोली रिकामी केली, कुलूप घातलं, बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला फोन लावला, आणि स्टूल टाकून दाराशी बसले. आणि मी? मी आपली दाराबाहेर.

तेवढ्यात लेक आली. जिन्यातच थबकली. "अजून आहे?" भाऊजी जागचे हलले नाहीत. नात हाकेच्या अंतरावर, डोळे भरलेले, पण स्टूल सोडलं असेल तर शपथ. "काकूंकडे बस गं," म्हणाले, "त्यांच्या घराकडे पाठ करूनच ठेवलंय मी ते." लेक आमच्या दारात येऊन टेकली. परत गेली नाही, हे मी टिपलं.

कारागीर आला, छोटीशी पिशवी, शांत माणूस. पहिलंच वाक्य, "सगळे लांब व्हा." ते दोघं आत, दार बंद. मी आपली दाराबाहेर... कान मात्र आत. आत नुसती खुडबुड. मग टक्! मी भिंतीला चिकटले. पण बाई, चक्री सुटली होती. काडतुसं एकेक करून रुमालावर आली आणि दार उघडलं.

कारागिराने बोटं हुंगली. "याला काय लावता हो?"

"तेल."

"कसलं?"

भाऊजी मिशी चाचपायला लागले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, पुढे झाल्या, वास घेतला नि म्हणाल्या, "माझं? केसांचं?"

वर्षानुवर्षं चोळत होते हो! तेल नि धूळ मिळून आत नुसता डिंक झालेला. "चकाकतं छान," भाऊजी पुटपुटले. वहिनी माझ्याकडे वळल्या. "अगंबाई... आणि मी समजत होते, बाटली तुम्ही संपवता."

आता बोला! म्हणजे मी आले की बाटली फडताळात का जायची, ते आज कळलं.

रिकामं रिव्हॉल्व्हर नि काडतुसं घेऊन भाऊजी नि कारागीर चौकीत गेले. भाऊजी मोकळ्या हातांनी परतले, ते हात साबणाने घासघासून धुतले, आणि लेकीने आपणहून पोर त्यांच्या ओंजळीत दिली. पोरीने पहिल्यांदा काय केलं, तर आजोबांची मिशी ओढली.

मी म्हटलं, आपणही जरा घ्यावं बाळाला. गेले. बघते तर त्याच खोलीत पोर झोपलेली, आणि दाराशी तेच स्टूल, त्यावर तेच भाऊजी.

"कुणी पुढे यायचं नाही," म्हणतात हळूच. "आत्ता डोळा लागलाय."

वहिनींनी तेवढी भरपाई केली, तेलाची नवी कोरी बाटली दिली. तेव्हापासून बसलेय मी आपली दाराबाहेर, केसांना तेल लावत.