बुटांच्या खोक्यातल्या गोळ्या

खुळखुळ असा आवाज झाला आणि दिल्ली छावणीच्या दवाखान्यातली शांतता मोडली. मांडीवरच्या कृतिकाला थोपटत स्वप्नालीने मागे पाहिलं. मागच्या बाकावर एका हवालदाराची बायको शेजारी बसलेल्या नवऱ्यासमोर स्टीलची डबी हलवत होती.

“अहो, या एकवीस गोळ्या तुमच्या बुटांच्या खोक्यात कशा आल्या?”

“हळू बोल. डॉक्टरसाहेब आत आहेत.”

“तीन आठवडे शुगरची एकही गोळी घेतली नाहीत?”

“गोळी घेतली की पाय जड होतात, द्वारका. पाच किलोमीटरला दोन मिनिटं जास्त लागायची. काल प्रमोशनच्या दौडीत बघ, बिल्कुल वेळेत पोचलो.”

“आणि आजचा रक्ताचा रिपोर्ट?”

“तीनशे दहा.”

“अगं बाई! यावर प्रमोशन देतील?”

“दौडीत मागे पडलो असतो तरी गेलंच असतं. मग रिटायर होऊन बसायचं गुडगावच्या नव्या बिल्डिंगच्या गेटवर, सलाम ठोकत.”

“बसा की. पण डोळे शाबूत ठेवून बसा. चला, डबी साहेबांना मीच दाखवते.”

“अगं, ऐक ना यार…”

“यार तुमचे पलटणीत. उठा.”

दोघं आत गेली, दार लागलं. कृतिकाने आईच्या गालाला हात लावला.

“आई, मग ते काका पास झाले की नापास?”