मालगुजारीन चालली गोंदियाले

महागू : ...कोनालेच खरं वाटत नाई, श्रुतिका, तुलेबी वाटनार नाई, हे मी आधीच सांगून ठेवतो. पन ह्या मालगुजारीननं काल माह्यी शुगर तपासली.

श्रुतिका : मांजरीनं? तुमची?

महागू : हौ. तिच्या कानाले सुई टोचून थेंब काढतो नं मी मशीनसाठी? काल मशीन घेऊन बसलो, तं बाईसाहेबानं पंजा उचलला अन् माह्याच बोटाले नख मारलं. थेंब बरोब्बर पट्टीवर. म्हने, आधी तू.

श्रुतिका : बोलली ती?

महागू : डोळ्यानं बोलली. मालगुजाराच्या, एवढ्या मोठ्या जमीनदाराच्या घरचे काय तोंड उघडतेत का?

दुर्गाबाई : नख मारलं, कारन ह्यायच्या बोटाले पाक लागला होता. चौकातून जलेबी आनली अन् संडासामागं उभं राहून खाल्ली. बायकोले समजलं नाई, मांजरीले समजलं.

श्रुतिका : आबाजी! तुम्ही स्वतः शुगरचे पेशंट. तिचं खाणं तोलून देता, आणि स्वतः जलेबी?

महागू : डॉक्टरनं दोघायलेबी परहेज सांगतलं. पन ते मुकं जनावर, तिले समजत नाई. मले समजते. ज्याले समजते त्याले परहेजाची काय गरज?

दुर्गाबाई : असंच समजता समजता डोळ्याले चष्मा लागला.

श्रुतिका : आबाजी, जोक बाद में. मी काय सांगत होते ते ऐका ना. आमच्या ग्रुपचा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला होता. रस्त्यावरचं बीमार जनावर काही दिवस कोणाच्या घरी ठेवायचं, पक्कं घर मिळालं की तिकडे द्यायचं. आता हिला मिळालं. गोंदियाचे राजेंद्र भैया आणि दीपिका भाभी. संध्याकाळी गाडी घेऊन येत आहेत. हा पिंजरा पण आणला मी.

(महागू पिंजरा पायानं खाटेखाली सरकवतो.)

महागू : कोन्ता पिंजरा?

दुर्गाबाई : ते पाह्य, लपवला. अवो, हे काय लहान लेकरू हायेत का! श्रुतिका, मी तं सकाळीच तिचं बोचकं बांधलं. वाटी, सुया, टावेल. औषधाची शीशी तेवढी फ्रिजमंदी हाये, निंगताना देतो. मंग माह्या फ्रिजमंदी दह्याले जागा होईन. केवढं भाग्य बाईचं! माह्या पोरीसाठी स्थळ पाहता पाहता आमचे जोडे झिजले, अन् हिले निस्त्या फोटोवर पसंत केली. शुगर असून.

श्रुतिका : शुगरचं मी सांगितलं त्यांना, आजी. काहीच लपवलं नाही.

दुर्गाबाई : तेच तं म्हनतो. मानसायच्या लग्नात लपवतेत.

महागू : एक गोष्ट मात्र तू लपवली, पोरी. हे मांजर भयंकर हाये, हे सांगतलं का त्यायले?

श्रुतिका : भयंकर? ही? दिवसभर झोपते ही.

महागू : लामत्याच्या जंगलाकून बिबट आलता हिवाळ्यात. सारा वार्ड दारं लावून बसला. हे एकटी बाहेर, कठड्यावर. बिबटानं हिले पाह्यलं, हिनं बिबटाले पाह्यलं. बिबट जवळ आला, वास घेतला अन् गुमान वापस गेला.

श्रुतिका : का?

महागू : त्यालेबी डॉक्टरनं गोड मना केलं असन.

दुर्गाबाई : कुत्रा होता तो. शेजारच्या प्रेमलालचा. म्हातारा.

महागू : अंधारात बिबटच होता.

दुर्गाबाई : अन् भयंकर म्हनसान तं भयंकर ही गल्ली हाये. हिले शुगर झाली कशानं? आपल्याकडं जेवाच्या टायमाले दारात आलं त्याले भात खाल्ल्याबिगर जाऊ द्याची रीत नाई. अन् हे बाई बरोबर जेवाच्याच टायमाले दारोदार. इथी चिन्नोरचा भात, तिथी दूध-भात, पुष्पलताकडं वरून गूळ. उंदीर पाह्यला की हे तोंड फिरवे. फुगून फुगून मालगुजारीन झाली अन् एक दिवस नालीपाशी पडून राह्यली. तवा तू उचलली.

श्रुतिका : आणि अजूनही कोणी भात देत असेल तर?

महागू : आता कोन देते! मी दारोदार जाऊन बजावलं, भात देसान तं पोलिसात रिपोट करीन. त्यायनं भात बंद केला अन् दवाई सुरू केली. पुष्पलता मासोळीत जांभूळबियाचं चूर्न भरून आनते. प्रेमलाल कारल्याचा रस घेऊन आला, म्हने एक पेला पाजा. हिनं हुंगला नाई. वाया कशाले घालवाचा, म्हनून मी पेलो. हिची शुगर उतरली.

श्रुतिका : तुम्ही पिला आणि हिची उतरली?

महागू : म्हनूनच तं म्हनतो, आमचं दोघायचं कनेक्शन हाये. डॉक्टर लोकायले हे समजत नाई.

श्रुतिका : आबाजी, मला पण वाईट वाटतं. पण मी मोकळं बोलते. सुई सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला, टाइमावर. एकही चुकली तर ती पुन्हा पडेल. आणि खाल्लं नसताना दिली तरी खतरा. दर हप्त्याला मी फोन केला की तुम्ही कधी बिबट्याची गोष्ट सांगता, कधी मांजर भजन म्हणते सांगता. सुई दिली का, याचा सीधा जवाब मला कधी मिळतच नाही! मग मला भीती वाटणार नाही का? तिथे दोघं जण आहेत. दीपिका भाभी नर्स आहेत.

महागू : मानसायच्या.

श्रुतिका : सुई तर सुईच असते ना.

महागू : मानूस दंड पुढं करते. मांजर पलंगाखाली जाते. तिले बाहेर काढाले भाभीले येते का? आधी पोटावर झोपा लागते, मंग तिच्याकडं पाहाचं नाई, दुसरीकडंच पाह्यल्यावानी कराचं, अन् आपल्याशीच काही बोलत राहाचं. तासभर. मी शेती सांगतो तिले. कोन्त्या साली कोन्तं धान पेरलं ते. मंग येते अन् मांडीवर बसते. तवा मानेची कातडी उचलाची अन् सुई.

श्रुतिका : ...हे खरं आहे?

महागू : हे... नाई, हे तं मी असंच सांगतलं. खरं म्हंजे ते घंटी वाजवली की येते.

दुर्गाबाई : पाह्य! खरं निंगालं की लाजते हा मानूस. जाऊ द्या जी, पोरीले उशीर होऊन राह्यला. मी दही-साखर आनतो. घरातून जानाऱ्याच्या तोंडात दही-साखर घातल्याबिगर...

श्रुतिका : आजी! शुगर है उसको!

दुर्गाबाई : अरे बापा. मंग निस्तं दही.

महागू : दही नाई, काही नाई. श्रुतिका, आता आखरीचं आयक. हिले गोंदियाले नेताच येत नाई.

श्रुतिका : का नाही?

महागू : राजेगावच्या पुढं हिले महाराष्ट्र चालत नाई. मी नेलती. बसमंदी, थैलीत घालून, तोंड तेवढं बाहेर. राजेगावपर्यंत मजेत, खिडकीतून धान पाहत होती. राज्याची हद्द ओलांडली अन् बाईचे डोळे पांढरे. मशीन लावली, तं मशीनवर आकडाच नाई, निस्तं लिवून आलं की लय जास्त. कंडक्टर रडाले लागला. बस तशीच उलटी फिरवली. हद्दीच्या इकडं आलो अन् शुगर आपोआप जागेवर. ड्रायव्हर आजबी इचारते, मालगुजारीन कशी हाये म्हनून.

श्रुतिका : बस उलटी फिरवली.

महागू : प्रवासी लोकायनं हातभार लावला.

श्रुतिका : आणि हे कधी?

महागू : आत्ताच. धानकापनीच्या टायमाले.

श्रुतिका : म्हणजे ती माझ्याकडून तुमच्याकडे आल्यानंतर? बीमार मांजर थैलीत घालून गोंदियाला फिरवली तुम्ही? संध्याकाळची सुई कुठे दिली मग, बसमध्ये? आजी, हे असंच चालतं का इथे? सच बताओ.

महागू : दुर्गा, सांग तिले. तू बस स्टँडपावतर आलती नं पोहचवाले.

दुर्गाबाई : खोटं! साफ खोटं बोलून राह्यला हा मानूस! गोंदिया कुठचं, ते मांजर घरात आल्यापासून हे गल्लीच्या बाहेर गेले नाईत. धानकापनीच्या टायमाले माह्या भावाच्या पोरीचं लग्न होतं लालबर्र्याले. मोठे जावई हायेत हे त्या घरचे. सारे मले इचारत होते, जावई कुठी हायेत, अन् मी काय सांगू लोकायले? एकटी गेलती मी. हे इथी बसले, सांजची सुई चुकन म्हनून.