सहा फुटांवरून काढलेलं काळीज

...लिहून घ्या ना, घ्या की लिहून! 'अस्पष्ट फिल्म म्हणजे केलेलं काम पाण्यात.' खाली दोन रेघा ओढा, मुंबईला परत गेलात की परीक्षेत हेच उतरवा, पहिल्या नंबराने पास व्हाल. मी कोण मध्ये बोलणार? मी आपला या श्रीवर्धनच्या दवाखान्यातला एक्स-रेवाला अंबाजी, शिक्षण मराठी चौथी, आणि तुम्ही होणारे डॉक्टर, महिनाभर इथे शिकायला आलेले. शिवदास डॉक्टर आमचे मोठे, त्यांनी सांगितलं तेच खरं. पण त्या एका वाक्याने माझं काय केलंय ते मला विचारा... विचारा ना कोणीतरी! हं. विचारलंत म्हणून सांगतो.

पण आधी हे यंत्र समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ही काचेची नळी. आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला तार. ती तापवली की तिच्यातून कण सुटतात. डॉक्टर त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, मी चिलटं म्हणतो, चिलटं काही रागवत नाहीत. त्या चिलटांना मागून सत्तर हजार व्होल्टांची लाथ घालायची, की ती सुसाट जाऊन समोरच्या टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात, आणि तिथून निघतात आपले किरण. आता एवढी आपटाआपटी केल्यावर किती किरण निघावेत? शंभरात एक हिस्सा! उरलेले नव्व्याण्णव नुसती उष्णता! अगदी लग्नातल्या मानपानाच्या बैठकीसारखं. पहिल्या वर्षी ती नळी इतकी तापायची की मी तिच्यावर पोह्याचे पापड भाजलेत, खोटं नाही सांगत... बरं, एकच पापड. आणि गावात वीज कुठली? मागे तेलाचं इंजिन. ते सुरू झालं की शेजारच्या वाडीतल्या सुपाऱ्या आपोआप पडतात. वाडीवाल्याने पाडेकरी बंद केलाय, सरळ आमच्या वेळा विचारून जातो.

हसू नका! या यंत्रासमोर हसणं, हलणं, शिंकणं, सगळं बंद. 'श्वास धरा... हलू नका... सोडा.' दिवसातून चाळीस वेळा म्हणतो मी. परवा देवळात ऐन आरतीत माझ्या तोंडून गेलं, 'सोडा!' तर अख्ख्या आळीने झांजा खाली ठेवल्या.

तर गेल्या साली, तेहतीस साली, फाल्गुनात, सकाळी दहाच्या सुमाराला दारात बोर्ली पंचतनची बैलगाडी थांबली. गाडीतून उतरले करमअली. पांढरी दाढी, हातात छत्री, कडक माणूस. मागे त्यांची सून सफुरा. तिचा नवरा नुरुद्दीन आगबोटीवर आगवाला. म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालतो. तीन वर्षं झाली जाऊन. आज मोंबासा, उद्या एडन, परवा आणखी कुठे. लग्नानंतर घरी किती राहिला? चाळीस दिवस! हे मला कोणी सांगितलं? करमअलींनी नाही हो... तिनेच. मोजलेले असणार.

शिवदास डॉक्टरांसमोर तिने नुरुद्दीनचं पत्र उलगडलं. उर्दू पत्र, तेव्हा ती वाचणार आणि आम्ही ऐकणार. कंपनीचा कायदा असा, की घरी बायको आजारी असल्याचा पुरावा आला तर माणसाला पुढच्या बंदरात उतरवतात आणि घरी धाडतात. नाहीतर करार पुरा होईस्तोवर आणखी दोन वर्षं भट्टी. 'तर काही तरी पाठव,' असं त्याने लिहिलं होतं. काही तरी!

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला काय होतंय?"

"खोकला हाय."

"खोका बघू."

ती खोकली. तुम्हाला सांगतो, इतका हळू, इतका आदबशीर खोकला मी जन्मात ऐकला नाही... जणू कोणी बंद दारावर बोटाने टकटक करतंय. डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा खोकला नाही, बाई. हा अर्ज आहे. खोट्या कागदावर मी सही करत नाही. पण आलात बोर्लीहून, तर छातीची फिल्म काढू. जे असेल ते दिसेल. मी तिच्यावर एक अक्षर लिहिणार नाही. पाठवायची तर नुसती फिल्म पाठवा." आणि निघून गेले एका बाळंतिणीकडे!

राहिलो कोण? मी, ती आणि करमअली. करमअली छत्री आपटून म्हणाले, "अंबाजी, फोटो म्हंजे तसबीर. आमच्या घरात माणसाची तसबीर न्हाय काडत. तसबीर असली का फरिश्ते घरात येत न्हायत. याच्यात तोंड येतं काय?"

"नाही, चाचा. बरगड्या येतात."

"डोले?"

"डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. हाडं आणि मधे काळजाची सावली."

म्हाताऱ्याने आपल्याच बरगड्या चाचपून पाहिल्या. मग म्हणाला, "हाडांना कसली मनाई? हाडं तर सगल्यांची सारकीच." आणि वळून सुनेला, "जा, काड." तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ना... आमच्या यंत्रात ते उतरत नाही. तीन वर्षांत तिचं एक चित्र नवऱ्याकडे नव्हतं. आता बरगड्यांचं का होईना, जाणार होतं!

मी कामाला लागलो. नळी तीन फुटांवर, नेहमीसारखी. इंजिन धडधडायला लागलं, सुपाऱ्या पडल्या. "श्वास धरा... हलू नका..." आणि नेमका, नेमका त्याच वेळी बंदरात आगबोटीचा भोंगा झाला. पोंऽऽऽ! ती काय नुरुद्दीनची बोट होती? मुंबईहून बाणकोटला जाणारी रोजची आगबोट ती, कोंबड्यांच्या डालग्यांनी भरलेली! पण भोंगा तो भोंगा. ती सगळी वळली हो... छाती, खांदे, मान, श्वास, सगळं खिडकीकडे. तीन वर्षं ज्या बाईने श्वास धरलाय, तिला तीन सेकंद धरता आला नाही.

काळोखाच्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुतली. काय दिसावं? धुकं! हवा काळी दिसायला हवी, हाड पांढरं दिसायला हवं, हे एव्हाना तुम्हाला पाठ असेल. फुप्फुसात हवा, म्हणून ते काळंभोर. इथे काळं कुठेच नाही, सगळीकडे पिंजलेला कापूस. बरगड्या दोन-दोन. दुसऱ्या कोणी पाहिली असती तर म्हणाला असता, बाई महिनाभराची सोबती.

मी बाहेर आलो. ती म्हणाली, "भाऊ, फोटो आला?"

"बिघडला. परत काढू."

"बिघडला म्हंजे? आजारी दिसते मी?"

"आजारी? पार क्षयाच्या शेवटाला टेकल्यासारखी दिसतेस!"

तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. ते उंबऱ्यात तसबीची माळ फिरवत होते. मग अगदी हळू म्हणाली, "मंग तोच द्या ना, भाऊ."

आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? सांगा ना! तुम्ही म्हणाल, खोट्याला हात लावायचा नाही. अहो, खऱ्याखोट्याची मला काय पडलीय, आयुष्यभर थापांशिवाय मी दुसरं केलंय काय? मला लाज कसली वाटली माहित्ये? की ही असली डागाळलेली, हललेली, दोन-दोन बरगड्यांची फिल्म समुद्र ओलांडून जाणार, गोरे डॉक्टर बघणार, आणि म्हणणार, हिंदुस्थानातल्या माणसाला फिल्म काढता येत नाही! माझ्या हातची! ही बघा माझी बोटं. या दोन बोटांना नखं नाहीत. पूर्वी किरण नीट निघतात की नाही ते बघायला आम्ही आपलाच हात मध्ये धरायचो, कोणी सांगितलंच नव्हतं... तुम्ही तसलं काही करू नका, शिशाच्या पडद्यामागे उभे राहा. तर नखं देऊन शिकलेली विद्या, आणि नमुना म्हणून धुकं पाठवू?

"काळजी करू नको," मी म्हटलं. "अशी झकास काढतो की साहेब नुसती बघूनच रजा देईल. अगं, निरोगी माणूस कशाला छातीची फिल्म काढेल? फिल्म काढली यातच आजार आला!"

तिने ऐकलं. आमच्या कोकणात शहाण्यासारखं बोलणाऱ्याचं लोक ऐकतात, हाच मोठा आजार.

मग मी जे केलं ते मात्र वहीत घ्या, कारण ते शास्त्र आहे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. कंदिलासमोर हात धरा. हात कंदिलाजवळ नेला की भिंतीवर राक्षसाचा पंजा, कडा विरघळलेल्या. भिंतीला टेकवला आणि कंदील लांब नेला की बोट न् बोट रेखीव. म्हणून छाती फिल्मला घट्ट टेकवायची आणि नळी लांब. मी नेली सहा फुटांवर, पार करमअलींना उंबऱ्याबाहेर काढलं. पण लांब नेलं की किरण विरळ होतात. अंतर दुप्पट केलं तर किरण निम्मे? नाही! चौथा हिस्सा! तिप्पट केलं तर नववा. माणसांचं उलटं आहे बघा, माणूस जितका लांब जाईल तितकी त्याची आठवण चौपट, नऊपट... हे मी एकदा शिवदास डॉक्टरांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "अंबाजी, इंजिनात तेल घाल."

घातलं. मग तिची वेणी वर बांधायला लावली, कारण केसांचा पेडसुद्धा फुप्फुसाच्या टोकावर सावली टाकतो. गळ्यात चांदीचा ताईत होता.

"तो काढ."

"त्यांनी बांधलाय, भाऊ. र्‍हाऊ दे ना. त्यावरनं तरी वळखतील."

"फुप्फुसावर रुपयाएवढा पांढरा डाग येईल! क्षयाची गाठ म्हणतील!"

असं मी म्हटलं हो! मी! या तोंडाने! आणि तिनेही काढून दिला बिचारीने. खांदे पुढे घे म्हटलं, घेतले. हनुवटी वर म्हटलं, केली. मी बाहेर जाऊन बंदरावर नजर टाकली, आगबोट गेलेली, क्षितिजापर्यंत एक शीड नाही. मग आत आलो. "श्वास धरा... हलू नका..." आणि तुम्हाला सांगतो, ती अशी उभी राहिली, की मला वाटलं आता ही 'सोडा' म्हटलं तरी सोडायची नाही.

फिल्म! काय फिल्म आली म्हणता! एकेक बरगडी कोरून काढलेली. फुप्फुसं अमावास्येसारखी काळी, त्यांत बारीक शिरांची नक्षी. मधे काळीज, डावीकडे कललेलं. फक्त त्याची एक कड किंचित पुसट. ती पुसटच येणार, कारण माणसाला हलू नको म्हणता येतं, काळजाला म्हणता येत नाही.

दोरीवर वाळत घातली तर ती समोर उभी राहून बघत राहिली. बोट लावायला निघाली, मी ओरडलो, "ओली आहे!" बोट मागे घेतलं.

"हे मी?"

"हे तू."

"आणि हे?"

"काळीज."

"एवढंसंच?" म्हणाली. मग, "त्यांना कळेल ना, ही मी म्हणून?"

"न कळायला काय झालं? बोर्लीहून दुसऱ्या कोणाचं काळीज येणारे त्याला?"

ती हसली. लाजली हो! स्वतःच्या बरगड्यांसमोर! शिवदास डॉक्टर परत आले, फिल्म उजेडाला धरली, म्हणाले, "हं." आणि हात धुवायला गेले. करमअलींनी दोन पुठ्ठ्यांत घालून वर फडकं शिवलं आणि पार्सल रवाना झालं.

मग काय? वाट बघणं. दर मंगळवारी श्रीवर्धनच्या बाजाराला बोर्लीची गाडी यायची, आणि सफुरा दवाखान्याच्या कठड्याशी उभी राहून नुसतं विचारायची, "भाऊ, एवढे दिवस लागतात?" मी म्हणायचो, "बोट आहे, बैलगाडी थोडीच आहे!" घराला तिने चुना काढला. नवीन गोधडी शिवली. पावसाळा लागला, आगबोटी बंद झाल्या, तरी ती यायची आणि रिकाम्या बंदराकडे बघून जायची. श्वास धरा... हलू नका... आणि 'सोडा' म्हणणारा कोण तिसराच, समुद्रापलीकडे!

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, आणि पत्र आलं. ते घेऊन ती बोर्लीहून थेट दवाखान्यातच आली. "अंबाजीभाऊ, तुमच्याबद्दल लिवलंय," म्हणाली. मला कुठली उर्दू येते? मी म्हटलं, वाच.

तिने वाचलं. नुरुद्दीनने लिहिलं होतं, की फिल्म पोचली, बोटीवरच्या गोऱ्या डॉक्टरने ती गोल खिडकीला लावून पाहिली. मग कप्तानाला बोलावलं, मग आणखी दोन साहेबांना. सगळ्यांना बोट ठेवून दाखवत होता. म्हणाला, इतकी साफ फिल्म मी विलायतेतही पाहिली नाही. हिच्यात शंकेला जागाच नाही. या बाईची फुप्फुसं घोड्यासारखी आहेत, ही ऐंशी वर्षं जगेल. रजा नामंजूर. आणि ज्या कारागिराने ही काढली, त्याला माझा सलाम कळव.

सगळं वाचलं तिने. एक अक्षर गाळलं नाही, आवाज हलू दिला नाही. मी आपला फडक्याला हात पुसत राहिलो, कोरडेच हात. तिला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. तेव्हा शेवटची ओळ तिने परत वाचली. "भाऊ, सलाम सांगितलाय तुम्हाला. मोठ्या डॉक्टरनं."

आता काय करणार, सांगा... घेतला मी.